आत्याचं गोत्र

"कबुतरं उडवणाऱ्यानं माणसांच्या लग्नात तोंड घालू नये," असं म्हणून अप्पांनी साखरपुड्याची हिरवी साडी परत घडी घालायला घेतली. साडीची घडी मोडलीच नव्हती. पण हुबळीच्या दाजीबानपेठेत तीस वर्षं कापड विकलेला माणूस तो, भांडताना हाताला कायतर लागतं.

मी म्हटलं, तोंड घालत नाही, कागद दाखवायलोय. एकदा वाचा की.

"दहावी अर्ध्यात सोडलेल्यानं मला वाचायला सांगू नये."

हे बोलायची काय गरज होती? मी शाळा सोडली हे आमच्या कमरीपेठेतल्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक आहे. पण अप्पांचं असंच. भांडण कशाचंबी असो, शेवटी दहावीवर येऊन थांबतं. मला राग आला की माझे कान तापतात. सगळे म्हणतात, हा राग आज्जाचा. आज्जाचं नाव मारुती म्हणून माझं नाव मारुती, आणि नावाबरोबर राग फुकट मिळाला. अप्पा स्वतःच हे दहा जणांना सांगतात. म्हणजे आज्जाचा राग नातवात येतो हे चालतं. दुसरं काही येतं म्हटलं की चालत नाही.

कागद माझ्या रक्ताचा होता. तो माझ्याकडं कसा आला ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हालाबी वाटेल मी उगाच भांडतोय.

गोदावरीआत्या ही माझ्या वडलांची, म्हणजे अप्पांची, धाकटी बहीण. तिला अळणावरला दिलीय. तिचे यजमान लक्ष्मणमामा, त्यांचं तिथं कापडाचंच लहान दुकान. त्यांना दोन मुलं. थोरला स्वप्नील चोवीस वर्षांचा, आणि खूप उशिरा झालेली रेश्मा, ती दहाची. रेश्माला थॅलेसेमिया आहे. तिचं अंग स्वतःचं रक्त नीट तयार करत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी तिला बाहेरचं रक्त चढवायला लागतं. आदल्या दिवशी आत्या तिला घेऊन पॅसेंजरनं हुबळीला येते, आमच्याकडं राहते, सकाळी मोठ्या दवाखान्यात जायचं, संध्याकाळी परत. मी आठ-नऊ वर्षांचा होतो तेव्हापासून हे असंच चाललंय. रेश्मा सकाळी उठली की ग्लासात एक गोळी विरघळवून पिते. दुसऱ्याच्या रक्तातनं अंगात लोह साठतं, ते बाहेर काढायची गोळी. मी एकदा तो ग्लास चाटून बघितला तर दुपारपर्यंत तोंडात खडू. ती रोज पिते आणि वर मला विचारते, आज कबुतरांनी किती अंडी घातली.

तर मी ठरवलं होतं, अठरा पूर्ण झाली की पहिलं रक्त रेश्माच्या नावानं द्यायचं. दोन महिन्यांमागं वाढदिवस झाला आणि तिच्या पुढच्या फेरीला मी तिच्याबरोबर गेलो, बाही वर करूनच. रक्तपेढीतल्या बाईनं बोटाला टोचलं, मशिनमध्ये बघितलं आणि म्हणाली घेता येत नाही, हिमोग्लोबिन अकरा आहे, साडेबारा तरी पाहिजे. माझे कान तापले. मी म्हटलं, रोज चार मजले चढून कबुतरांना पाणी नेतो, मला काय धाड भरलीय? रेश्मा बाजूच्या खुर्चीवर बसून खुदुखुदु हसायलेली. ती म्हणाली, दादा, तुलाच एक पिशवी लावू का माझ्यातली.

तिथं शीतल मॅडम म्हणून आहेत, तपासणीच्या खोलीत बसतात. त्या रेश्माला पहिल्यापासून ओळखतात. त्यांनी मला आत बोलावलं. विचारलं, तू हिचा कोण? मी म्हटलं, मामाचा मुलगा. त्यांनी जरा थांबून माझ्या दंडातनं एक नळी रक्त घेतलं आणि कागद न्यायला ये म्हणाल्या. मी रागात होतो, गेलोच नाही. इकडं आईनं मला अशक्तपणा आलाय म्हणून बीट सुरू केलं. बिटाची कोशिंबीर, बिटाचं थालीपीठ, सकाळी गूळशेंगदाणे. तीन आठवडे माझी जीभ लाल.

शेवटी मागच्या फेरीच्या आदल्या दिवशी, म्हणजे ज्या संध्याकाळी हे भांडण झालं त्या दुपारी, मी कागद आणायला गेलो. शीतल मॅडमनी बसवलं. बीट बंद कर म्हणाल्या, तुला लोह कमी नाही. तुझ्यात थॅलेसेमियाचा अर्धा भाग आहे. तू आजारी नाहीस, कधी होणारबी नाहीस, पण तो तुझ्यात आहे.

मला काही कळलं नाही हे त्यांना माझ्या तोंडावरनंच दिसलं. त्या आमच्याच दुकानातनं ब्लाऊजचं अस्तर नेतात. त्यांनी टेबलावरचा कागद घेऊन दोन सारखे तुकडे फाडले. "नोड तम्मा, बघ भावा," त्या म्हणाल्या, आणि मग अर्धं कन्नड अर्धं मराठी असं सांगितलं. शिंपी ब्लाऊज कापायच्या आधी कागदाचा नमुना ठेवतो ना, तसे आपल्या अंगात सगळ्या गोष्टींचे नमुने असतात. डीएनए डीएनए म्हणतात ते हेच. नाकाचा नमुना, केसांचा नमुना, रक्त तांबडं करणाऱ्या मालाचा नमुना. आणि प्रत्येक नमुना दोनदा असतो, एक आईकडनं, एक बापाकडनं. एक चुकीचा कापलेला असला तरी दुसऱ्यावर काम भागतं. माणसाला कळतबी नाही. पण दोन्ही चुकीचे आले की रेश्मासारखं होतं.

मग त्यांनी विचारलं, घरात अजून कोण? म्हटलं, अक्का आहे, शुभांगी. लग्न? म्हटलं, ठरलंय, पंधरा दिवसांनी साखरपुडा. कुणाशी? मी म्हटलं, हिच्या भावाशीच की, स्वप्नीलशी.

मॅडमनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

आमच्यात आत्याच्या मुलाचा मामाच्या मुलीवर पहिला मान. सगळे लहानपणापासून दोघांना चिडवायचे, चिडवून चिडवून ते खरंच झालं. आता स्वप्नीलचा फोन आला की अक्का मोरीत जाऊन नळ सोडते आणि बोलते. मला वाटायचं पाणी का एवढं लागतंय हिला.

म्हणून मी तो कागद घेऊन तडक घरी आलो आणि साडी बघत बसलेल्या सगळ्यांसमोर ठेवला. अप्पा, आई, आत्या, अक्का. मी म्हटलं, आधी दोघांचं रक्त तपासा, मग साखरपुडा. त्यावर अप्पांचं ते कबुतराचं वाक्य.

आता अप्पांचं म्हणणं काय होतं ते पण लिहितो, नाहीतर ते म्हणतील एकाच बाजूचं लिहिलास. त्यांनी बोटांवर मोजून तीन गोष्टी सांगितल्या. एक, हा रोग आमच्या घरचा नाहीच, अळणावरकडचा आहे. त्यांनी चांगली ठणठणीत बहीण दिली होती. दोन, डॉक्टरांनीच सांगितलंय चारात एक, तो एक रेश्माला झाला, विषय संपला. आणि तीन, हे त्यांनी फार जोर देऊन सांगितलं, गोत्र. कन्यादान झालं त्या दिवशी गोदाचं गोत्र बदललं. ती त्या घरची झाली. तिची पोरं त्या गोत्राची, आपण या गोत्राचे. गोत्र वेगळं म्हणजे रक्त वेगळं. म्हणून तर आत्याच्या मुलाला मुलगी देता येते, काकाच्या मुलाला देत नाहीत. पूर्वीच्या लोकांना काय अक्कल नव्हती?

आत्या साडीचा काठ बोटानं चाचपत बसलेली. मी बघत होतो. अप्पा "अळणावरकडचा" म्हणाले तेव्हा तिनं मान जराशी खाली घेतली, इतकी सवयीनं की कुणाला दिसूबी नये. हे ती दहा वर्षं ऐकत असणार.

तिला बघून माझं डोकं अजून फिरलं. मी म्हटलं, माझ्याकडची राखी रंगाची कबुतरांची जोडी आठवते का? नर राखी, मादी राखी. पहिल्या दोन खेपांना चारी पिल्लं राखी. तिसऱ्या खेपेला दोन पिल्लं, दोन्ही विटकरी लाल. तुम्हीच म्हणाला होता शेजारचा लाल नर आला असेल, आणि मी शेजाऱ्याशी भांडून आलो होतो. मग जुन्या हुबळीतला तो कबुतरवाला म्हातारा आला, त्यानं सांगितलं, वेड्या, लाल रंग दोघांतबी लपलेला होता. दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं. आणि अप्पा, चारात एक म्हणजे रांग नाही. एकाचा नंबर लागला म्हणून बाकीचे सुटले असं नाही. दोन्हीच्या दोन्ही लाल आली की नाही एका खेपेला? कबुतरानं काय गोत्र बघितलं होतं का?

"माणसं म्हणजे कबुतरं नव्हेत," अप्पा म्हणाले. "साखरपुडा ठरल्या दिवशी होणार."

आणि मग मी ते बोललो. अजून लिहिताना कान तापतात, पण रागानं नाही. मी ओरडलो, "अजून एक रेश्मा पाहिजे का तुम्हाला?"

अप्पा माझ्याकडं बघत नव्हते, माझ्या मागं बघत होते. मी वळलो. जिन्यात रेश्मा उभी होती, हातात कबुतरांच्या ज्वारीचा डबा. तिनं डबा खालच्या पायरीवर ठेवला, झाकण नीट लावलं आणि वर गच्चीवर निघून गेली.

आई म्हणाली, मारुती, आता तूच जा.

मी गेलो. रेश्मा खुराड्यासमोर उकिडवी बसलेली, लाल पिल्लांपैकी एक मांडीवर. ती पिल्लं आता मोठी झालीत, पण तिच्यासाठी अजून पिल्लंच. मी शेजारी बसलो. मला भांडता चांगलं येतं, दुसरं काही येत नाही.

तीच म्हणाली, "लाल निघाली तेव्हा तुला नको होती का ही?"

मी म्हटलं, उलट. राखी पिल्लं मी चौघांना वाटली, लाल दोन्ही ठेवली. कुणी मागितली तरी दिली नाहीत. तुला माहीत आहे की.

"मग माझ्यासारखी का नको?"

मी पिल्लाच्या पंखावर बोट फिरवत राहिलो. मग म्हटलं, लाल रंग पिल्लाला टोचत नाही गं. तुला टोचतात. किती वेळा टोचलंय मोजलंस का? ती म्हणाली, दोन्ही हात मिळून शीतल मॅडमनाबी माहीत नाही. मी म्हटलं, मला तू नको असं नाही. सुई नको. त्या खोलीत अजून एक पोरगं तोंड वाकडं न करता ती खडूची गोळी पिताना मला बघवायचं नाही. तुला बघतो तेच बास आहे.

मग तिनं विचारलं, तुझ्यातबी आहे म्हणजे आपण दोघं एकाच जोडीतले का? मी म्हटलं, जरा वरच्या जोडीतले. आज्जाआज्जीच्या. त्यांच्यापैकी कुणाचातरी तो चुकीचा नमुना आत्याला आला, अप्पांनाबी आला असणार, आईकडनं आला नसेल तर. आत्याकडनं एक आणि लक्ष्मणमामांकडनं एक, असे दोन मिळून तू झालीस. अप्पांकडनं एक मला आला. अक्काला आला का, स्वप्नीलला आला का, तेवढंच बघायचंय.

"मामालाबी बघायला पाहिजे," ती म्हणाली. "आधी मामाला टोचू दे."

मी हसलो. कारण एक गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. अप्पा सुईला घाबरतात. दहा वर्षांत रेश्मासाठी पेठेतल्या वीस माणसांना त्यांनी रक्त द्यायला पाठवलं, कुणाला हात जोडून, कुणाला दम देऊन. स्वतः एकदाबी दिलं नाही. बीपी आहे म्हणतात. दवाखान्याच्या दारापर्यंत येतात, समोरच्या टपरीवर चहा पीत बसतात, आत पाय ठेवत नाहीत.

सकाळी रेश्मा अंघोळ करून, वेणी घालून अप्पांसमोर उभी राहिली. गोळीचा ग्लास संपवून, ओठ पुसून. म्हणाली, "मामा, आज तू आत यायचं. मी एवढ्या वेळा आले, तू एकदाबी बघितलं नाहीस मी कशी बसते ते."

अप्पांनी टोपी शोधली, चष्मा शोधला, दुकानाची किल्ली शोधली. सगळं त्यांच्या अंगावरच होतं. तेवढ्यात अक्का जिन्यावरनं खाली आली, पर्स घेऊन, चप्पल घालून. म्हणाली, "मी पण येते. माझं पण घेऊ दे." रात्रभर जागी असावी, डोळे सुजलेले, पण आवाज सरळ. अप्पांनी तिच्याकडं बघितलं आणि चप्पल पायात सरकवली. मला वाटतं पोरीच्या डोळ्यांपुढं त्यांचं गोत्र जरा कमी पडलं.

दवाखान्यात रेश्मा पुढं आणि अप्पा तिच्या मागं. ती त्यांना दाखवत चाललेली, हा माझा पलंग, ही खिडकी, इथं ऊन आलं की मला इकडं सरकवतात, ही सिस्टर चांगली, ती दुसरी जरा जोरात टोचते. अप्पा प्रत्येक गोष्टीला हो हो म्हणत होते आणि रुमालानं मान पुसत होते. शीतल मॅडमनी त्यांना खुर्चीवर बसवून दंडाला रबर बांधलं तेव्हा त्यांचं तोंड पांढरंफटक. रेश्मानं त्यांचा दुसरा हात धरला. "मामा, तिकडं बघू नको. माझ्याकडं बघ. मुंगी चावल्यासारखं होतं. तू सतरा अठरा म्हणेपर्यंत संपतं." आणि ते पन्नास वर्षांचे कापडदुकानदार खरंच मोठ्यानं आकडे म्हणायला लागले. बारावर संपलं.

ते उठले नाहीत. बाजूच्या पलंगावर रेश्माला सुई लागली, पिशवी टांगली, थेंब पडायला लागले, तोपर्यंत तिथंच बसून राहिले. चार तास. चहालाबी बाहेर गेले नाहीत. मधेच मला हळूच म्हणाले, एवढा वेळ लागतो होय रे. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण कान तापले नव्हते.

स्वप्नील दोन दिवसांनी येऊन तपासायला रक्त देऊन गेला. तो मुळातच कमी बोलतो. जाताना मला एवढंच म्हणाला, बरं केलंस, मला हे सुचायला पाहिजे होतं, मी तर रेश्माच्याच घरात राहतो.

आठवड्यानं कागद आले. तीन यायचे होते, दोनच आले. अक्काच्या नळीतलं रक्त म्हणे गोठलं, परत द्यायला लागणार. आलेल्या दोनमध्ये स्वप्नीलचा, त्याच्यात आहे. आणि अप्पांचा.

अप्पांनी कागद माझ्या हातातनं घेतला आणि चष्मा लावून स्वतः वाचला. मग दुकानातल्या गादीवर बसून परत वाचला. गिऱ्हाईक आलं तर म्हणाले थोड्या वेळानं या. तीस वर्षांचं मला माहीत नाही, पण माझ्या जन्मात त्यांनी गिऱ्हाईक परत पाठवलेलं बघितलं नव्हतं. मग त्यांनी फोन काढून आत्याला लावला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवर टाकतात, म्हणून मलाबी ऐकू आलं.

"गोदा," ते म्हणाले, "माझ्यातबी आहे ते. कागद आलाय. अळणावरचं नाही फक्त. आपल्या घरचंबी आहे."

मला वाटलं फोन कट झाला.

अप्पा म्हणाले, यजमानांना सांग, मी दहा वर्षं त्यांच्या घराला जे बोललो, तोंडावर नाही बोललो पण बोललो, ते...

मग आत्या म्हणाली, "म्हणजे अण्णा, मी अजून आपल्याच घरची म्हणायची."

अप्पांनी फोन मांडीवर ठेवला आणि एक अस्तराचा तागा उगाच उलगडला. सगळा, शेवटपर्यंत. मग तो मलाच परत गुंडाळायला लागला.

साखरपुडा त्यांनी स्वतःच पुढं ढकलला. नातेवाइकांना एकेक फोन करून सांगितलं, आणि कारण लपवलं नाही. कुणी विचारलं पोरीत काही दोष आहे का, तर त्याला फोनवरच असं झापलं की मला कळलं आज्जाचा राग मधली पिढी सोडून आलेला नाही, मधेबी मुक्काम करून आलाय. आता पेठेत कुणाच्या घरी लग्न ठरलं की अप्पा चहा मागवतात आणि नमुन्याच्या कागदाची गोष्ट सांगतात. थोडी चुकीची सांगतात. मी दुरुस्त केलं की म्हणतात, दहावी सोडलेल्यानं मधे बोलू नये. पण आता हसून म्हणतात.

अक्काचं रक्त परत दिलं. तो आठवडा वाईट गेला. नळ वाहायचा बंद झाला होता. हिरवी साडी तिनं कागदात गुंडाळून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवली, जिथं आम्ही दिवाळीच्या पणत्या ठेवतो. मी एकदा विचारलं, तुझ्यातबी निघालं तर? शीतल मॅडम म्हणाल्या होत्या की लग्नाला कुणी बंदी घालत नाही, दोघांना माहीत पाहिजे एवढंच, पुढं पोटात बाळ असताना तिसऱ्या महिन्यातबी तपासणी होते, काय करायचं ते त्या दोघांनी ठरवायचं. अक्का म्हणाली, आमचं आम्ही बोललोय. काय बोललाय? ती म्हणाली, तुला सांगायचं असतं तर स्पीकरवर बोललो असतो.

आज रेश्माची फेरी होती. सकाळी ती पलंगावर बसली, पिशवी लागली, आणि शीतल मॅडम स्वतः कागद घेऊन आल्या. अक्का माझ्या शेजारी उभी होती. मी हात पुढं केला, तिनं माझ्या हातावर चापट मारली आणि कागद स्वतः घेतला. वाचला. मग शीतल मॅडमना कन्नडमध्ये विचारलं, नक्की ना? त्या म्हणाल्या, नक्की. तुझे दोन्ही नमुने चांगले आहेत.

एकाच आईबापाची आम्ही दोघं. मला आला, तिला नाही आला. मॅडमनी कधीच सांगितलं होतं, अर्धे अर्धे, कुणी निवडत नाही. तरी मला क्षणभर वाटलं, अक्काचं नेहमीच असं, परीक्षेतबी पास आणि इथंबी पास. मग तिच्याकडं बघितलं. ती कागद चार घड्या करून पर्समध्ये ठेवत होती आणि घडी काही जमत नव्हती. कागद ठेवून झाल्यावर ती वॉर्डाच्या कोपऱ्यात हात धुवायच्या बेसिनकडं गेली. नळ सोडला आणि फोन कानाला लावला. सिस्टर ओरडली, पाणी वाया घालवू नका. पाणी वाहतच राहिलं.

रेश्मानं सगळं नीट विचारून घेतलं. म्हणजे अक्काच्या पोरांना माझ्यासारखं होणार नाही? मॅडम म्हणाल्या, नाही. स्वप्नीलकडनं अर्धा भाग येऊ शकतो, मारुतीसारखा. येईलच असं नाही, येणारच नाही असंबी नाही. रेश्मा म्हणाली, मग मी त्यांना इथं घेऊन येणार तपासायला, एक नळी द्यायला. मी त्यांची आत्या ना. टेप लावलेला हात तिनं असा उंच धरला की जणू आताच कुणाला तरी बोटाला धरून आणायचंय. अप्पा खुर्चीवर बसले होते. या फेरीलाबी ते आतच आले होते. ते म्हणाले, आत्याला लग्नानंतरबी माहेरी मान असतो. रेश्मा म्हणाली, मी लग्नच करणार नाही, म्हणजे माझं गोत्र बदलायचा प्रश्नच नाही. अप्पा रुमाल शोधायला लागले.

आता दुपारचे साडेचार झालेत, मी गच्चीवर बसलोय. खाली आई हिरवी साडी कपाटातनं काढायला लागलीय, स्टूल ओढल्याचा आवाज येतोय. लाल जोडीतलं एक रेश्मा अळणावरला नेणार आहे, करंडीत घालून. मी इतके दिवस देत नव्हतो कारण इथं वाढलेलं कबुतर परत इथंच येतं. आत्या म्हणाली, येऊ दे की, मी येते तसं येईल. करंडीचं झाकण मी सुतळीनं बांधलंय, पण रेश्मा खाली सारखं उघडून बघायला लागलीय, ते उडालं तर गाडी चुकेल. तिला ओरडायला पाहिजे. पॅसेंजर सव्वापाचला आहे आणि स्कूटरची किल्ली सापडत नाही, अप्पांच्याच खिशात असणार. निघायला पाहिजे मला आता.